गव्हाच्या काडाची वळकटी

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात भोपाळहून बैरसिया रस्त्याला लागा किंवा रायसेनकडे वळा, दोन्ही बाजूंना एकच देखावा दिसतो. हार्वेस्टर गहू घेऊन गेलेला असतो आणि मागे उरलेली असतात वीतभर-हातभर उंचीची धसकटं व त्यांच्यावर पसरलेलं काड. इथले शेतकरी याला ‘नरवाई’ म्हणतात. या नरवाईपुढे तीन वाटा असतात: तिला काडी लागते, तिचा भुसा होतो, नाहीतर तिची वळकटी होते.

तिसरी वाट राउंड बेलरची. रेल्वेच्या लांबच्या प्रवासाला निघताना आपल्याकडची जुनी माणसं गादी-चादर-उशी गुंडाळून वर दोरी आवळायची, तेच काम हे यंत्र काडाचं करतं. फरक एवढाच की प्रत्येक वळकटी मिनिटभरात तयार होते आणि तिच्यावर गुडघा ठेवून कुणाला बसावं लागत नाही.

एक अळूवडी, एक नारळाची वडी

बेलर दोन घराण्यांचे. एक चौकोनी गठ्ठे बांधणारा, दुसरा गोल. दोघांत नेमका फरक काय, हे कळायला स्वयंपाकघरात जाणं पुरेसं आहे. चौकोनी बेलरमध्ये दट्ट्या पुढे-मागे होतो आणि काड थरावर थर दाबत जातो. असा गठ्ठा सोडला की काड थापून पाडलेल्या नारळाच्या वड्यांसारखं चौकोनी तुकड्यांत सुटतं. गोल गाठ म्हणजे अळूवडीचा उंडा. तिची दोरी कापून कड जवळून पाहा. मधल्या गाभ्यापासून बाहेरपर्यंत पदरावर पदर दिसतात. टोक धरून ढकललं की ती गव्हाणीच्या लांबीभर उलगडत जाते. दावणीला दहा जनावरं असतील, तर हाताने काड पसरण्याचे कष्ट वाचतात.

यंत्राच्या पोटात घडतं ते असं. पुढे जमिनीलगत फिरणारी पोलादी बोटं असतात, त्यांना पिकअप म्हणतात. ती ओळीतलं काड उचलून मागच्या कोठीत ढकलतात. कोठीच्या आतल्या अंगाला रोलर, साखळ्यांवरच्या पट्ट्या किंवा रबरी पट्टे फिरत असतात. त्यांच्या घासण्याने काड गोल फिरायला लागतं आणि गाठ वाढत जाते. कोठी भरली की चालक ट्रॅक्टर थांबवतो, गाठीभोवती सुतळी किंवा जाळी गुंडाळली जाते, मागचं झाकण उघडतं आणि गाठ धप्पकन जमिनीवर येते.

थांबण्याची ही सक्ती बहुतेक गोल बेलरांना असते. चौकोनी बेलर मात्र चालता चालता गठ्ठे टाकत जातो.

गाठ न मारता बांधलेली गाठ

चौकोनी बेलरचा सगळ्यात नाजूक अवयव म्हणजे नॉटर. पोलादी चोचीने दोरीला खरीखुरी गाठ मारणारी ही यंत्रणा. ती 1870 च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबीने पेंढ्या बांधणाऱ्या यंत्रासाठी पक्की केली आणि आजच्या चौकोनी बेलरांत तिचेच वंशज आहेत. तिचं गणित दोन-चार मिलिमीटरने बिघडलं, तरी शेतभर सुटलेले गठ्ठे पडतात आणि ते जुळवायला मुरलेला मिस्त्री लागतो.

गोल बेलरला नॉटरच लागत नाही. दोरी वेढ्यावर वेढे घेते, शेवटी पातं तिला कापतं, आणि पिळाच्या घर्षणानेच ती जागेवर बसते. पहिल्यांदाच बेलर घेणाऱ्या, तालुक्यापासून लांब राहणाऱ्या शेतकऱ्याला मी छोटा गोल बेलर सुचवीन, तो मुख्यतः याच कारणासाठी. बिघडायला जेवढं कमी, तेवढे हंगामातले दिवस हाताशी जास्त.

दोरी कुठली, तेही ऐका. लहान गोल बेलरवर तागाची सुतळी चालते. ती मातीत कुजते, जनावराच्या पोटात चुकून धागा गेला तरी नायलॉनइतका घात करत नाही. मोठ्या बेलरवर प्लास्टिकची जाळी असते. तिचे दोन-तीन वेढे पुरतात, तर सुतळीचे डझनभर किंवा त्याहून जास्त लागतात. त्यामुळे जाळीने वेळ फार वाचतो. पण ती जाळी गाईच्या पोटात गेली तर साठून राहते. जाळीची गाठ असेल तर ती पूर्ण सोलूनच गव्हाणीत टाकायची, यात सवलत नाही.

शोध एकाचा, नाव दुसऱ्याचं

गोल गाठीची कल्पना शंभर वर्षांहून जुनी. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या सटन गावच्या उम्मो ल्युबेन या शेतकऱ्याने 1910 साली तिचं पेटंट घेतलं. तीस वर्षं तिला मोठा कारखाना मिळाला नाही. 1940 मध्ये ॲलिस-चाल्मर्स कंपनीने हक्क विकत घेतले आणि 1947 पासून ‘रोटो-बेलर’ बाजारात आला. त्याची गाठ तीन फूट लांब आणि फार तर 22 इंच व्यासाची. आज आपल्याकडे भाताच्या आणि गव्हाच्या रानांत फिरणाऱ्या लहान गोल बेलरची गाठ जवळजवळ तेवढीच असते. म्हणजे एका माणसाच्या हाताला उचलता येईल ते माप रोटो-बेलरवाल्यांनी तेव्हाच हेरलं होतं.

अजस्र गाठीचं श्रेय मात्र आयोवातल्या पेला गावच्या गॅरी व्हर्मीर यांचं. त्यांचा एक मित्र गुरं विकायला निघाला होता, कारण चारा बांधण्याच्या मजुरीने तो टेकीला आला होता. सगळा चारा एकट्या माणसाने गुंडाळावा आणि हलवावा, या विचाराने व्हर्मीर कामाला लागले आणि 1971 मध्ये त्यांचा मोठा बेलर आला. त्याची एक गाठ टनाच्या आसपास भरे. मजूर मिळेना म्हणून जन्मलेलं हे यंत्र आज आपल्याकडेही त्याच कारणाने येतंय.

वर्तुळाचा हिशेब

शाळेतलं वर्तुळाचं क्षेत्रफळ इथे थेट पैशाशी भिडतं.

गाठीची रुंदी तीच ठेवून व्यास 60 सेंटिमीटरवरून 120 केला, तर काड दुप्पट बसत नाही, चौपट बसतं. लहान गाठ साधारण 20 ते 30 किलोंची. ती दोन हातांनी उचलून ट्रॉलीत फेकता येते. 120 सेंटिमीटरची, रुंदीलाही मोठी असलेली गाठ दीड-दोनशे किलोंच्या घरात जाते, आणि तिला ट्रॅक्टरच्या पुढचा लोडर किंवा मागचा सुळा लागतो. मोठा बेलर घेणाऱ्याने लोडरचाही खर्च धरला पाहिजे. हा खर्च विसरून व्यवहार ठरवणारे फार.

आता भिजण्याचा हिशेब. 60 सेंटिमीटर व्यासाच्या गाठीचा बाहेरचा फक्त पाच सेंटिमीटरचा थर कुजला, तर किती काड गेलं? बोटाच्या दोन पेरांएवढा थर, त्यामुळे दहावा हिस्सा गेला असेल असं वाटतं. खरं उत्तर 31 टक्के. सालीत वर्तुळाचा मोठा वाटा असतो. गोल गाठीवरून शाकारलेल्या छपरासारखं पाणी ओघळतं ही गोष्ट खरी, पण ती घट्ट बांधलेल्या मोठ्या गाठीची. लहान गाठी छपराखालीच हव्यात आणि खाली लाकडी ओंडके किंवा पॅलेट हवं, कारण नासाडीची सुरुवात बहुधा जमिनीला टेकलेल्या बाजूने होते.

तिसरा हिशेब ट्रकचा. चौकोनात वर्तुळ बसवलं की कोपऱ्यांत साडेएकवीस टक्के जागा रिकामी राहते. गाठी एकमेकींच्या खाचांत रचल्या तर ही पोकळी नऊ-दहा टक्क्यांवर येते, तरी चौकोनी गठ्ठ्याची बरोबरी होत नाही. म्हणून माझा कौल साधा आहे. चारा स्वतःच्या गोठ्यासाठी किंवा पंचक्रोशीत विकायचा असेल तर गोल, आणि शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या कारखान्याला पाठवायचा असेल तर चौकोनी. हवेचं भाडं कुणी भरू नये.

दाणावैरण तुटली की

भोपाळ आणि चारा हे दोन शब्द एकत्र आले की मराठी माणसाला 1737 चा डिसेंबर आठवायला हवा. पहिल्या बाजीरावाने निजामाच्या मोठ्या फौजेला याच भोपाळात कोंडलं. निजामाजवळ जड तोफखाना होता. बाजीरावाने त्यावर तुटून पडण्याऐवजी रसद रोखली. हजारो घोडे आणि तोफा ओढणारे बैल असलेल्या फौजेला दाणावैरण तुटणं म्हणजे पाय तुटणं. 7 जानेवारी 1738 रोजी दोराहा सराईत तह झाला, माळवा मराठ्यांकडे आला आणि 50 लाख रुपये खंडणी ठरली. हे दोराहा आजच्या सीहोर जिल्ह्यात, भोपाळपासून जवळच आहे, आणि सीहोर हाच शरबती गव्हाचा जिल्हा. ज्या मातीत चाऱ्यावाचून एक फौज नमली, तिथे आज ट्रॉलीच्या ट्रॉली भरतील एवढा चारा एका संध्याकाळी पेटवून दिला जातो.

पेटवण्यामागे आळस नाही, घाई आहे. नर्मदेकाठच्या नर्मदापुरम, हरदा, सीहोर पट्ट्यात गव्हानंतर उन्हाळी मूग घेतात. गहू निघाला की आठवडा-पंधरवड्यात मूग पेरायचा असतो, नाहीतर तो पहिल्या पावसात सापडतो. तेवढ्यात रान मोकळं करायला काडेपेटी सगळ्यात स्वस्त. आता भाताचं क्षेत्रही वाढलंय. उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या मोजणीत 2024 च्या भात हंगामात मध्य प्रदेशाने पंजाबलाही मागे टाकलं. राज्यात नरवाई जाळल्यास दोन एकरांखाली 2,500, दोन ते पाच एकरांना 5,000 आणि त्यावर 15,000 रुपये दंड आहे. 1 मे 2025 पासून तर जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ नाही आणि पुढच्या वर्षी हमीभावाने खरेदी नाही, असा निर्णय झाला.

दंडाने धाक बसतो, पण रान मोकळं करायला लागतं ते यंत्र.

भोपाळ आणि बुधनी, यंत्रांची दोन माहेरं

ज्या बैरसिया रस्त्याने आपण सुरुवात केली, त्याच रस्त्यावर नबीबागेत केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. 15 फेब्रुवारी 1976 रोजी ती सुरू झाली. देशाच्या शेतीसाठी अवजारं कशी असावीत, हा तिचा विषय. आणि भोपाळपासून दोनेक तासांवर, नर्मदेच्या उत्तर तीरावर बुधनी आहे. गाव लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेलं, पण तिथेच 1955 पासून केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण आणि परीक्षण संस्था आहे. ट्रॅक्टरपासून बेलरपर्यंत यंत्रं तिथे चाचणीला येतात आणि प्रत्येकाचा चाचणी अहवाल बनतो.

हा अहवाल विक्रेत्याकडे मागायचा. माहितीपत्रकात ‘ताशी इतक्या गाठी’ असं छापलेलं असतं, ते सपाट रानात, सरळ ओळीत आणि मुरलेल्या चालकाच्या हातून. अहवालात मात्र मोजलेले आकडे असतात: किती डिझेल लागलं, किती काड मागे राहिलं, कुठला भाग झिजला. यंत्र घरी आल्यावर ते कळून उपयोग नाही.

ट्रॅक्टरची ताकद आधी पाहा. लहान गोल बेलरला 35 अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर पुरतो, मोठ्याला 60 च्या पुढचा हवा. त्यानंतर कोठी कुठली, हा प्रश्न. ठरीव मापाच्या कोठीत गाठीचा गाभा सैल आणि बाहेरचा भाग घट्ट राहतो. रबरी पट्ट्यांच्या बदलत्या कोठीत गाभ्यापासूनच दाब पडतो, त्यामुळे गाठ वजनदार होते आणि हवं ते माप मिळतं. पण एप्रिलमधलं गव्हाचं काड कोरडं, तुळतुळीत आणि हार्वेस्टरने तुकडे केलेलं असतं. गुळगुळीत पट्ट्यांवर ते घसरतं आणि गाठ फिरायलाच लागत नाही. साखळी-पट्ट्यांची ठरीव कोठी अशा काडाला जास्त धार्जिणी. विदर्भातल्या भाताच्या तणसाला दोन्ही चालतात.

काड ऐकायला शिका

बेलर चालवण्यातलं निम्मं कौशल्य यंत्रावर बसण्याआधीचं असतं. काडाची मूठ घ्या आणि पिळा. देठ कटकन तुटले तर ते बांधायला तयार. नुसतेच वाकले तर एक दिवस थांबा. सुक्या गाठीसाठी ओलावा 18 टक्क्यांच्या आत हवा. विसाच्या पुढे गेला की आतले सूक्ष्मजीव कामाला लागतात, बुरशी धरते आणि गाठ तापते. गाठीत हात घालून चटका बसला, गूळ करपल्यासारखा वास आला, तर ती रास तिथून हलवायची वेळ आलीय. आतलं तापमान 80 अंशांकडे गेलं की गाठ आपोआप पेट घेऊ शकते.

मुरघासाचा नियम याच्या अगदी उलट आहे, हे महाराष्ट्रातल्या दूधवाल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. मक्याची कुट्टी 60 ते 70 टक्के ओली असताना गोल गाठ बांधून तिला प्लास्टिकने हवाबंद करतात. तिथे ओलावा हवा आणि हवा नको. खूप सुकं टिकतं, हवाबंद ओलंही टिकतं. मधलं अर्धवट सडतं.

भोपाळच्या एप्रिलमध्ये अडचण ओलाव्याची नसते, अतिकोरडेपणाची असते. दुपारी दोनला बेलर चालवला तर काडाचा चुरा होऊन निम्मं खालीच सांडतं. पहाटेच्या गारव्यात तेच काड थोडं लवचीक असतं. सूर्य चढायच्या आत काम उरकणारे चालक उन्हापासून स्वतःलाही वाचवतात आणि काडालाही.

उभी धसकटं बेलर उचलत नाही. आधी स्लॅशरने ती कापायची, मग रेकने ओळी करायच्या. ओळ पिकअपच्या रुंदीएवढी असेल तर सरळ चालवा. अरुंद असेल, तर थोडं डावीकडून, थोडं उजवीकडून असं चालवत काड दोन्ही टोकांना भरा. नुसतं मधोमध चालवलं की गाठ सरळ न राहता तिचा ढोल होतो, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती, आणि सुतळी घसरून सगळं सुटतं. सारखं वळवळतही जाऊ नका. दहा-पंधरा मीटर एका बाजूने, मग तेवढंच दुसऱ्या बाजूने.

चाकाला उतार दिसतो

गोल वस्तू उतारावरून घरंगळते हे लहान मुलालाही कळतं, पण दिवसभराच्या कामात विसरायला होतं. इंग्लंडच्या डेव्हनमध्ये सप्टेंबर 2010 मध्ये सुमारे 600 किलोंची एक गाठ टेकडीवरून घरंगळत रस्त्यावरच्या व्हॅनवर आदळली. व्हॅन चालवत होते माइक एडवर्ड्स, ‘इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा’ या गाजलेल्या बँडचे पूर्वीचे चेलोवादक. ते जागीच गेले. भोपाळच्या आसपास विंध्याचे उतार आहेत. अशा रानात झाकण उघडण्याआधी ट्रॅक्टर उताराला आडवा वळवायचा, म्हणजे गाठ कुशीवर न घरंगळता पडते तिथेच राहते.

आणखी एक धोका धुळीचा. उन्हात तापलेलं काड, कोरडी धूळ आणि झिजलेलं बेअरिंग एकत्र आलं की ठिणगी पुरते. दर दोन तासांनी बेअरिंगजवळ हात नेऊन पाहा, अर्थात यंत्र बंद करून. ट्रॅक्टरवर अग्निशामक नळकांडं आणि पाण्याचा मोठा कॅन असलाच पाहिजे.

सगळंच नेऊ नका

बेलरचा मी पुरस्कर्ता आहे, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक टन भाताचा पेंढा जाळला की सुमारे साडेपाच किलो नत्र, सव्वादोन किलोंच्या आसपास स्फुरद, 25 किलो पालाश आणि 400 किलो सेंद्रिय कर्ब यांना जमीन मुकते, असं कृषी खात्याच्या साहित्यात वर्षानुवर्षं छापलं जातं. पण तोच पेंढा गाठ बांधून रानाबाहेर नेला, तरी ही अन्नद्रव्यं त्याच्यासोबत बाहेरच जातात. बेलरने हवा वाचते. जमीन वाचायची असेल तर गोठ्यातलं शेण त्याच रानात परत यायला हवं. गुरं नसलेल्या शेतकऱ्याने काही काड रानातच कुटून राहू द्यावं आणि दरवर्षी सगळं रान साफ करू नये. औष्णिक वीज केंद्रांना कोळशात जैवइंधनाच्या गोळ्या मिसळण्याचं बंधन आहे, त्यामुळे काडाला गिऱ्हाईक वाढत जाणार. भाव चांगला आला म्हणून जमिनीचा वाटा विकायचा नसतो.

एका सेकंदात नऊ वेढे

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बेलर ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद यंत्राला पोचवणाऱ्या फिरत्या दांड्यावर चालतो आणि तो दांडा मिनिटाला 540 वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक, ओढणी, सदऱ्याची लोंबती बाही त्यात अडकली, तर ‘अरे’ म्हणेपर्यंत नऊ वेढे बसलेले असतात. दांड्यावरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं असेल तर त्या दिवशी काम बंद ठेवा आणि नवं आवरण आणा. पिकअपमध्ये काड तुंबलं की पायाने किंवा हाताने रेटण्याचा मोह होतो, आणि गोल बेलरवरचे कितीतरी हात याच मोहात गेलेत. आतली बोटं काड खेचतात त्या वेगाने माणसाला हात मागे घेता येत नाही.

यंदा तुमच्या रानात स्वतःचा बेलर आला किंवा भाड्याने आला, तर एवढं करा: तुंबलेलं काड काढायला खाली उतरण्याआधी पीटीओ सोडा, इंजिन बंद करा आणि ट्रॅक्टरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा.